घरावर आलेला पर्जन्यवृक्ष उतरवायला दोर किती जाड हवा?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या ताराबाई पार्कात घराच्या कुंपणालगत पर्जन्यवृक्ष आहे, उंची अंदाजे ४५ फूट. दोन जाड फांद्या मागच्या पत्र्याच्या शेडवर आडव्या आल्या आहेत आणि रस्त्याच्या बाजूला महावितरणची तार आहे. झाड काढायची महापालिकेची परवानगी हातात आली आहे. एक ठेकेदार म्हणतो, "२० एमएमचा नायलॉन दोर आणि खाली चार गडी, धरून उतरवतो." दुसरा म्हणतो हायड्रा, म्हणजे चाकांवरची फिरती क्रेन, लावू. २० एमएम पुरेल की २४ घ्यायला सांगू, असं तुम्ही विचारलंय.

२० एमएम पुरेल. तीन पिळांचा नवा २० एमएम नायलॉन तुटायला साधारण आठ टन लागतात, आणि बेताने कापलेला कुठलाही तुकडा त्याच्या जवळपास जात नाही. अशा कामात दोर क्वचितच तुटतो. दोर ज्या बेचक्यातून घेतलाय तो बेचका फाटतो, नाहीतर धरणाऱ्याच्या हातातून दोर सुटतो. दोन्हींचं मूळ एकच: दोरावर ताण येईपर्यंत तुकडा किती पडला, आणि पुढे किती अंतरात थांबला. ठेकेदाराशी बोलताना जाडीपेक्षा याचीच चौकशी जास्त करा.

आधी वजन. कापायच्या जागी टेपने घेर मोजा, फुटात. घेराला घेराने गुणा आणि आलेल्या आकड्याला सव्वादोनने. एक फूट लांबीच्या ओंडक्याचं ते किलोतलं वजन. यात लाकूड पाण्याइतकं जड धरलंय. पर्जन्यवृक्षाचं ओलं लाकूड सहसा थोडं हलकंच भरतं, त्यामुळे अंदाज चुकला तरी सुरक्षित बाजूला चुकतो. चार फूट घेर असेल तर फुटाला ३६ किलो. म्हणजे सहा फुटी तुकडा २१६ किलो, तीन फुटी १०८. घेर दोन फुटांवर आला की फुटाला नऊच किलो. घेर निम्मा झाला की वजन पाव होतं, म्हणून शेंड्याकडे लांब तुकडे चालतात आणि बुंध्याकडे आखूडच घ्यावे लागतात. फांदीला पाला आणि डहाळ्या असतील तर त्यांचं वजन वेगळं धरा. पावसात भिजलेल्या पाल्याचं तर नक्कीच.

आता हिसका. १०० किलोचा ओंडका दीड मीटर मोकळा पडला आणि दोराने तो ३० सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर थांबवतानाचा सरासरी ताण वजनाच्या सहापट येतो, ६०० किलो. ताण एकदम चढतो आणि शेवटच्या क्षणी सर्वात जास्त असतो, त्यामुळे प्रत्यक्ष टोक याच्या दुपटीच्या जवळ जाऊ शकतं. तोच ओंडका दोर सोडत सोडत आणखी दीड मीटरमध्ये थांबवला, तर सरासरी ताण दुप्पटच राहतो, २०० किलो. क्रिकेटमध्ये हात मागे घेत झेल घेतात, तसंच हे. चार गडी दोर घट्ट धरून उभे राहिले तर नेमकं उलटं होतं: सगळे मिळून ओंडका जागीच अडवतात आणि पूर्ण हिसका झाडावर जातो. दोर २४ एमएमचा केला म्हणून यात काही बदलत नाही. उलट जाड दोराच्या गाठी नीट बसत नाहीत आणि कप्पीच्या खाचेतही तो नीट बसत नाही.

कप्पी जिथे टांगलीय त्या जागेवर या ताणाची दुप्पट येते. दोराची एक बाजू ओंडक्याने खाली ओढलेली, दुसरी धरणाऱ्याने. दोन्हींचा भार त्या एका जागेवर. दोरावर ६०० किलो असतील तर बेचक्यावर १२००. धरणारा बुंध्यापासून लांब जाऊन दोर तिरका धरत असेल तर आकडा थोडा उतरतो, पण ओढ आडवी होते, आणि उभं खोड दाब सोसतं तेवढी आडवी ओढ सोसत नाही. म्हणून खाली येणारा दोर बुंध्याला चिकटून सरळ आणायचा आणि तिथेच बुंध्याशी अडवायचा.

बेचका निवडताना खालून दुर्बिणीने किंवा मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा. रुंद, गोलसर, इंग्रजी यू सारखा बेचका चांगला. दोन फांद्या व्ही सारख्या अरुंद चिकटून वर गेल्या असतील आणि मधे साल आत दबलेली काळी रेघ दिसत असेल, तर ती जोडणी लाकडाची नसून नुसती सालीची आहे; तिला कप्पी बांधू नये. मी कप्पीसाठी निदान अडीच फूट घेराची, जिवंत, उभी फांदी धरतो आणि कापायच्या फांदीपेक्षा ती वर असावी याचा आग्रह धरतो. बुंध्याला लाकडी हातोड्याने सगळीकडून ठोकून बघा. ढोलीचा आवाज आला, किंवा मुळाशी फळीसारखं कडक भूछत्र दिसलं, तर निरोगी लाकडाची भिंत त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आहे का हे तपासल्याशिवाय कोणी वर चढू नये.

दोर नुसता बेचक्यातून घेऊन कप्पी टाळणारे लोक आहेत. सालीचं घर्षण सुरुवातीला भरपूर असतं, चार तुकडे उतरले की साल घासून गुळगुळीत होते आणि तोच दोर एकदम पळायला लागतो. धरणाऱ्याला अंदाज राहत नाही. शिवाय बेचक्यात अडकल्यामुळे हिसका फक्त ओंडक्याकडच्या आखूड दोरावर येतो. बाकीचा लांब दोर ताणून त्यात वाटा उचलत नाही. त्यामुळे कप्पीच हवी. तिचं चाक दोराच्या जाडीच्या निदान चौपट, म्हणजे १६ एमएम दोराला ६४ एमएम, आणि बाजूवर भारक्षमता कोरलेली असावी. बांधकामावर घमेली चढवायची कप्पी या कामाची नाही. कप्पी टांगायला हायड्रावाले वापरतात तो पॉलिस्टर बेल्ट घ्या. बेल्टचा रंगच क्षमता सांगतो: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन. फास करून बांधला की क्षमता ऐंशी टक्क्यांवर येते, म्हणजे हिरवा १६०० किलोंचा झाला. या झाडाला मी हिरव्याच्या खाली जाणार नाही.

खाली दोर अडवायचा तो बुंध्याला वेढे देऊन. घर्षण मध्यम धरलं तर एका पूर्ण वेढ्याने हातावरचा ताण साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो आणि दोन वेढ्यांनी पंचविसाव्या. २०० किलोंचा ताण दोन वेढ्यांनंतर हातात आठ-नऊ किलोंचा उरतो. म्हणजे दोर धरायला चार गडी लागत नाहीत. एक सावध माणूस लागतो, ज्याला सोडायचं कधी आणि आवळायचं कधी हे कळतं. तीन वेढे दिले तर हलका तुकडा पुढे सरकणारच नाही, वरच लटकून राहील. त्यामुळे आधी एक लहान तुकडा उतरवून वेढे ठरवायचे, घेर वाढेल तसा अर्धा-अर्धा वेढा वाढवायचा. तुमच्या झाडासारख्या जाड बुंध्याभोवती दरवेळी फिरत बसणं वेळखाऊ असतं. पोर्टारॅप नावाचा लोखंडी नळकांड्यासारखा तुकडा बुंध्याला बांधून त्यावर वेढे देतात, ते काम फार नेटकं होतं. ठेकेदाराकडे तो असेल तर माणूस शिकलेला आहे असं समजायला हरकत नाही.

दोर धरणाऱ्याने चामड्याचे हातमोजे घालावेत. दोर हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळू नये. सुटा दोर पायाशी वेटोळं करून न ठेवता मागे मोकळा पसरावा, म्हणजे पळत्या दोराच्या फासात पाय सापडत नाही. आणि तो माणूस कप्पीखाली नसावा. बुंध्यापासून दहा-बारा फूट बाजूला.

दोराच्या जातीबद्दल. ट्रकची ताडपत्री आवळायचा पिवळा किंवा हिरवा प्लॅस्टिकचा दोर ठेकेदार आणेल तर परत पाठवा. तो पॉलिप्रॉपिलिनचा असतो. साधारण १६५ अंशांना वितळतो, आणि वेढ्यांवरून भरभर पळताना घासून तेवढा तापू शकतो. शिवाय उन्हात वर्षभर पडलेला असेल तर आतून ठिसूळ झालेला असतो. नायलॉन चालतो, पण ताणतो फार. उघड्या जागेत ते फायद्याचं, कारण हिसका मऊ होतो. पत्र्याच्या वर मात्र ओंडका ताणाबरोबर आणखी खाली येतो आणि फांदी-पत्र्यात दोन फुटांचं अंतर असेल तर ते तिथेच संपतं. ओला नायलॉन दहा-पंधरा टक्के ताकदही गमावतो. शेडवरच्या फांद्यांसाठी दुहेरी विणीचा पॉलिस्टर दोर, १४ ते १६ एमएम, हा माझा पहिला पर्याय. लांबीचा हिशेब असा: कप्पी ३५ फुटांवर असेल तर वर ३५, खाली ३५, वेढ्यांना पंचवीस, हातात दहा-बारा. ४० मीटरचा एकसलग दोर घ्या, जोड नको. ट्रेकिंगच्या ग्रुपकडे गिर्यारोहणाचा ताणणारा दोर असतो, तो मागून आणू नका. तो पडणाऱ्या माणसाला मऊ झेलण्यासाठी बनवलेला असतो. ओंडके उतरवून त्याची ती ताकद संपते आणि पुढच्या माणसाला ते कळत नाही.

गाठ दोराची चौथा ते तिसरा हिस्सा ताकद खाते, हे हिशेबात धरा. ओंडक्याला बोलाईन गाठीचा सरकता फास आणि त्याच्या अलीकडे फूटभर अंतरावर एक अर्धी गाठ, असं दोन जागी बांधलं की ओंडका फासातून निसटत नाही. गाठीबाहेर शेपूट वीतभर तरी ठेवा. साधी सुरगाठ ओंडका फिरला की सुटते, आणि निरगाठ भार आल्यावर सोडवताच येत नाही, मग प्रत्येक तुकड्याला दोराचं टोक कापत बसावं लागतं.

आता तुमच्या शेडवरच्या फांद्या, कारण खरं अवघड काम तेच आहे. पर्जन्यवृक्षाची फांदी आडवी, लांब आणि टोकाला जड असते. ती बुडाशी बांधून कापली तर टोक आधी खाली जातं आणि पत्र्यात घुसतं. टोकाकडे बांधली आणि दोर आधीच ताणून ठेवला, तर टोक वर राहतं आणि बूड खाली झुलतं. पण मग ते बूड बुंध्याकडे, म्हणजे चढलेल्या माणसाकडे येतं. म्हणून आधी टोकाकडून हलकं करायचं. हातकरवतीने दहा-पंधरा किलोंचे तुकडे काढत आत यायचं. उरलेल्या जाड भागाला दोन जागी बेल्ट बांधून, दोन्ही बेल्ट वर एका शॅकलमध्ये (खिळीने बंद होणाऱ्या लोखंडी कडीत) आणून, तो आडवाच तोलून धरायचा. कप्पीचा दोर त्या शॅकलला. टोकाला एक वेगळा हलका दोर, तो जमिनीवरचा माणूस शेडच्या बाहेर, अंगणाच्या दिशेने धरतो.

कापताना ज्या बाजूला फांदी वळवायची त्या बाजूला खाच घ्यायची, जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतकी. मग विरुद्ध बाजूने कापत यायचं आणि मधे जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी लाकडाची बिजागरी ठेवायची. फांदी त्या बिजागरीवर आडवी फिरत पत्र्यावरून बाजूला जाते. पूर्ण बाहेर गेल्यावरच बिजागरी कापायची आणि दोर सोडत ती उतरवायची. हे जिवंत, ओल्या लाकडाचंच काम. वाळलेल्या फांदीत बिजागरी टिकत नाही, ती अर्ध्यातच तडकते. तिथे आखूड तुकडे आणि आधी ताणलेला दोर, दुसरा मार्ग नाही.

एक उपाय बहुतेक लोक सुचवत नाहीत, आणि तो सर्वात स्वस्त आहे. शेडचे फांद्यांखालचे पत्रे जे-हुक सोडून काढून ठेवा. सुताराचं किंवा फॅब्रिकेटरचं अर्ध्या दिवसाचं काम. पत्रे निघाले की फांद्यांखाली आठ-दहा फूट जास्त उंची मिळते, आणि एखादा तुकडा चुकून गेलाच तर फुटायला काही नसतं. सिमेंटचे पत्रे असतील तर हे कराच. पण काढताना त्यावर पाय देऊ नका, पाय आरपार जातो.

फांद्या गेल्या की उभं खोड राहील. इथे अनेकांचा गैरसमज असतो की सगळं दोरानेच उतरवायचं. अंगणात दहा फूट मोकळी जागा असेल तर दीड-दीड फुटांचे ओंडके कापून, टायरांच्या आणि वाळूच्या पोत्यांच्या ढिगावर ढकलणं जास्त सुरक्षित. खोडावर कप्पी कापाच्या खाली येते, त्यामुळे ओंडका आधी कप्पीच्या वरून खाली पडतो आणि मगच दोरावर येतो. सगळ्यात मोठा हिसका इथेच बसतो, आणि त्याच खोडाला चढलेला माणूस बांधलेला असतो. जागा नसेल तरच खोड दोराने, आणि तेव्हा तुकडा जितका आखूड तितका चांगला.

चढणाऱ्याचा दोर आणि ओंडक्यांचा दोर वेगळे, बांधायच्या जागाही वेगळ्या, दोरांचे रंगही वेगळे. चढणाऱ्याच्या दोराची निदान २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास ताकद लेबलवर लिहिलेली असावी. मशीन चालू करण्याआधी तो दोन जागी बांधलेला असला पाहिजे: वरचा दोर आणि कमरेचा लॅनयार्ड, म्हणजे खोडाभोवती घेऊन पट्ट्याला अडकवायचा आखूड दोर. चेनसॉ वापरत असेल तर लॅनयार्डच्या आत स्टीलची तार हवी. साधा दोर साखळीच्या एका स्पर्शात जातो. खांद्याच्या वर मशीन धरायचं नाही, एका हाताने चालवायचं नाही. आणि खाली दुसरा असा माणूस हवा ज्याला स्वतः चढून वरच्याला खाली आणता येतं. पट्ट्यात लटकलेला बेशुद्ध माणूस फार वेळ टिकत नाही, अग्निशमन दलाची वाट बघण्याइतकाही नाही.

तारेबद्दल कमी लिहितो, कारण इथे परिस्थितीप्रमाणे बदलावं असं काही नाही. महावितरणकडे लेखी अर्ज करून लाईन बंद करून घ्यायची, वायरमनने स्वतः येऊन बंद असल्याचं सांगेपर्यंत त्या बाजूला करवत लावायची नाही. शेजारच्या घरातले इन्व्हर्टर आणि जनरेटरही बंद. त्यांच्यामुळे मेलेल्या तारेत उलटा प्रवाह येऊ शकतो. ओलं लाकूड आणि ओला दोर वीज वाहून नेतात.

हायड्रा लावावी का? रस्ता रुंद असेल आणि जमीन टणक असेल तर जड फांद्यांना ती उत्तम. पण 'चौदा टनी' हा आकडा बूम आखडलेली आणि भार जवळ असतानाचा असतो. बूम पूर्ण बाहेर काढल्यावर क्षमता त्याच्या लहानशा हिश्श्यावर येते. ऑपरेटरला केबिनमधला लोड चार्ट दाखवायला सांगा आणि तुमच्या फांदीचं वजन वरच्या हिशेबाने काढून त्याच्याशी ताडून बघा. हूकला आधी फक्त फांदीच्या वजनाइतकाच ताण द्यायचा. जास्त ओढून ठेवली तर काप पूर्ण होताच फांदी वर उडते आणि चढलेला माणूस तिच्या शेजारी असतो. हायड्राने तिरकं ओढायचं नाही, आणि हूकला माणूस टांगायचा नाही. जेसीबीच्या बकेटमध्ये माणूस उभा करून कापणी करू म्हणणाऱ्याला सरळ नको म्हणा.

परवानगीचं पत्र पुन्हा एकदा वाचा. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याखाली छाटणीची परवानगी आणि पूर्ण झाड काढायची परवानगी वेगळ्या असतात, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला वेगळी वागणूक आहे. झाड फुलांवर किंवा पालवीत असेल तर आग्या मोहोळ आहे का ते कामाच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी, दोनदा बघा. चेनसॉच्या आवाजाने ते उठतं, आणि वर बांधलेला माणूस पळू शकत नाही. काम वळवाच्या आधी, कोरड्या सकाळी. जूननंतर साल निसरडी होते, वेढ्यांचं घर्षण कमी-जास्त होतं आणि वरचे सगळे आकडे बिघडतात. फांद्या आताच कुरकुरत असतील तर पावसाची वाट बघू नका, तेवढ्या तरी उतरवून घ्या.

नेमकं सांगायचं तर मला तीन फोटो लागतील: शेडच्या बाजूने उभं राहून दोन्ही फांद्यांचा, मुख्य बेचक्याचा खालून, आणि मुळाशी बुंध्याचा चारही बाजूंनी. सोबत दोन्ही फांद्यांचा बुडाचा घेर आणि पत्र्यापासूनची उंची लिहा. मग कप्पी कुठे टांगायची आणि कितीचे तुकडे घ्यायचे हे सांगता येईल.